कामावरची गाडी रोज काढण्याआधीची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर परिसरातल्या वाडी, कापसी, कळमना, हिंगणा, बुटीबोरी या भागांत ट्रक, टिपर, पिकअप, स्टाफ बस चालवणारे, त्यांचे मालक आणि सुपरवायझर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. एकदा आलेलं दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. रोज सकाळी नेमकं काय बघायचं आणि त्याला किती वेळ लागतो?

पिकअप किंवा छोटा हत्ती असेल तर सात-आठ मिनिटं, दहा किंवा बारा चाकी ट्रकला पंधरा ते वीस. क्रम एकच ठेवा आणि तो कधी बदलू नका, कारण क्रम मोडला की एखादी गोष्ट राहतेच.

आधी लांबून गाडीकडे बघा : एका बाजूला झुकली आहे का, खाली काही सांडलं आहे का. मग बॉनेट किंवा केबिन उघडून इंजिन थंड असतानाच ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट, बॅटरी बघा. त्यानंतर ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून गाडीला एक पूर्ण फेरी मारा : पुढचं चाक, आरसा, टाकी, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), मागची चाकं, फाळका (बॉडीचं मागचं दार), मागचे दिवे, आणि दुसऱ्या बाजूने परत पुढे. शेवटी केबिनमध्ये बसा : सीट बेल्ट, हॉर्न, वायपर, काटे, स्टिअरिंगचा खेळ. मग इंजिन सुरू करून ब्रेक. गाडी हलल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये, आवारातच, एकदा ब्रेक दाबून बघा.

२. काल संध्याकाळी गाडी ठणठणीत होती. एका रात्रीत काय बिघडणार?

बरंच काही. बारीक खिळा घुसलेल्या टायरची हवा रात्रभरात उतरते आणि सकाळीच कळते. गळती दिवसा रस्त्यावर सांडत जाते, ती रात्री एका जागी साचून डाग पाडते. उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरिंग आणि पाइप कुरतडतात. धान्याच्या गोदामांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. डिझेल, बॅटरी, स्टेपनी रात्रीच जाते. शिवाय काही आकडे फक्त थंड गाडीतच खरे दिसतात. टायरची हवा आणि कूलंटची पातळी दुपारी बघून उपयोग नाही.

३. तपासणी ड्रायव्हरचं काम की मेकॅनिकचं? मालकावर काय येतं?

रोजची तपासणी ड्रायव्हरची, दुरुस्ती मेकॅनिकची, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी थांबवायची जबाबदारी मालकाची किंवा सुपरवायझरची. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. धोका होईल असा दोष असलेली गाडी जो चालवतो किंवा चालवू देतो, तो दोषी. आणि तो दोष ठाऊक असलाच पाहिजे असं नाही. साधी काळजी घेतली असती तर जो सापडला असता, तोही त्यात मोजला जातो. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ हे ड्रायव्हरलाही पुरत नाही आणि ऑफिसात बसून गाडी काढायला सांगणाऱ्यालाही नाही.

४. गाडीखाली डाग दिसतो. काय गळतंय हे कसं ओळखायचं?

रात्री इंजिनखाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी रंग स्पष्ट दिसतो.

काळं किंवा तपकिरी आणि बोटाला चिकट असेल तर इंजिन ऑइल. घट्ट, उग्र वासाचं असेल तर गिअर किंवा हौसिंगचं (मागच्या एक्सलच्या डब्याचं) ऑइल. लालसर, पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी किंवा निळसर आणि पाण्यासारखं म्हणजे कूलंट. डिझेल वासानेच कळतं. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं, ते सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलखाली फिकट, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका. चाकाच्या आतून जाड ऑइल उडून ड्रमवर पसरलेलं दिसलं तर हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील गेलंय. तेही लाइनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर) उतरतं आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही.

गळती ‘ओल’ आहे की ‘थेंब’ आहे हे नोंदवा. ओल लक्ष ठेवण्याची गोष्ट आहे. थेंब पडत असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती. डिझेलची आणि ब्रेक ऑइलची मात्र ओलही चालत नाही.

५. टायरमध्ये हवा किती ठेवायची? नागपूरच्या उन्हाळ्यात थोडी कमी ठेवावी का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीचा सल्लाही याच बाबतीत मिळतो. नाही, कमी ठेवायची नाही.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा जास्त झाली म्हणून नाही, तर कमी होती म्हणून. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने रबर आतून तापतं आणि आतल्या थरांची पकड सुटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, डांबर त्याहून किती तरी जास्त तापतं. त्यात हवा कमी ठेवली तर आपणच आगीत तेल ओतलं.

हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजा. मोठ्या ट्रकच्या रेडियल टायरला भारानुसार साधारण ११० ते १२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. पिकअपला पुढे आणि मागे वेगवेगळी असते आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर ती लिहिलेली असते. चालून तापलेल्या टायरमध्ये १० ते १५ टक्के जास्त दिसणं स्वाभाविक आहे. ती ‘जास्तीची’ हवा ढाब्यावर काढून टाकली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो आणि पुढच्या फेरीला तोच फुटतो.

ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली गेलेला टायर पंक्चर समजा. १२० लागते आणि मोजल्यावर ९५ निघाली, तर फक्त हवा मारून निघू नका. कमी हवेवर तो बराच चालला असेल तर आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि हवा मारतानाच टायरची बाजू फाटते. असा टायर उतरवून आतून बघूनच पुन्हा भरायचा, आणि भरताना माणसाने टायरच्या समोर उभं राहायचं नाही.

नायट्रोजन भरला तर बघावं लागत नाही, असंही काही जण समजतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरा, पण गेज लावायचं सोडू नका. आणि गेज स्वतःचं ठेवा. पंपावरचं किती वेळा आपटलेलं असतं, कोण जाणे.

६. टायर बाद कधी समजायचा?

नियमाने चारचाकी आणि मोठ्या गाड्यांच्या टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. टायरच्या खोबणीत रबराची छोटी आडवी पट्टी असते. तिची जागा दाखवायला टायरच्या बाजूवर त्रिकोण किंवा खूण केलेली असते. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की संपलं. पण १.६ हा कायद्याचा तळ आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पाऊस लागतो, तेव्हा निदान पुढच्या टायरला ३ मिमी तरी नक्षी असू द्या.

नक्षी शिल्लक असूनही टायर बाद होतो : बाजूवर फुगा आला असेल, कापात आतले धागे किंवा तार दिसत असेल, नक्षीचा थर सुटायला लागला असेल तर. शहरातल्या सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या मातीपेक्षा उंच राहते. तिच्यावरून तिरपी गाडी चढवली की टायरची बाजू कापली जाते, म्हणून डाव्या बाजूचे टायर जरा वाकूनच बघा.

वय टायरवरच छापलेलं असतं. शेवटचे चार आकडे ‘२३२२’ असतील तर तो २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न झिजताच तडकतं. स्टेपनी त्यात आधी जाते. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर मागे चालतो, पुढे स्टिअरिंगच्या चाकाला नको.

७. मागच्या जोडचाकांत आतला टायर दिसतच नाही. तो कसा तपासायचा?

रॉडने ठोकणं ही जुनी पद्धत चांगली आहे, पण ती फक्त ‘अगदीच बसलेला’ टायर सांगते. १२० आणि ९० मधला फरक कान पकडू शकत नाही. आतल्या टायरच्या वॉल्व्हला लांब नळी लावून घ्या म्हणजे गेज पोचेल. दोन्ही टायरांच्या मध्ये अडकलेला दगड रॉडने काढा. वेगात तो सुटला तर मागच्या दुचाकीस्वाराला गोळीसारखा लागतो, नाही सुटला तर दोन्ही टायर कापतो. खाणीतून किंवा गिट्टी क्रशरवरून निघताना हे दर फेरीला बघायचं, फक्त सकाळी नाही.

जोडीतले दोन टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. एक नवा आणि एक घासलेला लावला तर सगळा भार नव्यावर येतो.

८. चाकाचे नट हाताने बघून कळतात का?

हाताने नाही, डोळ्याने कळतात. नटापासून निघालेली गंजाची रेघ किंवा रिमवर चकचकीत घासलेली जागा म्हणजे नट ढिला होऊन चाक हलतंय. एखादा स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटलेला असेल तर ‘बाकीचे नऊ आहेत ना’ हा हिशोब चुकीचा. त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो आणि मग ते तुटतात. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किमी चालवून नट पुन्हा कसायचे, कारण रंग आणि गंज दबून जागा होते. पान्याला पाइप लावून वर उड्या मारल्याने स्टड ताणला जातो. मोठ्या ट्रकला टॉर्क पाना वापरा, आकडा पुस्तिकेतला.

९. एअर ब्रेक कसा तपासायचा? आमच्याकडे फक्त काटा बघतात.

हवेच्या दाबाचा काटा बघणं ही फक्त सुरुवात. आवारात, सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून हे करा :

इंजिन चालू करून हवा भरू द्या. बहुतेक ट्रकमध्ये ती ८ बारच्या आसपास जाऊन थांबते आणि ‘फस्स’ असा आवाज येतो. हवा भरायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला तर कॉम्प्रेसर थकलाय किंवा कुठेतरी गळती आहे.

इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा, ब्रेक पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरा. सुरुवातीची घट सोडून त्या मिनिटात काटा ०.२ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. दुसरा माणूस गाडीभोवती फिरून आवाज ऐकेल. संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

आता पेडल पुन्हापुन्हा दाबून हवा उतरवा. साधारण ५ बारच्या आसपास बझर वाजला पाहिजे, दिवा लागला पाहिजे. बझरची वायर तोडलेली गाडी तपासणीत नापास, मग ब्रेक कितीही चांगला लागो. हवा आणखी उतरली की मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो. त्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली जबर ताकदीची स्प्रिंग असते, हवा तिला मागे धरून ठेवते. म्हणून तो चेंबर रस्त्यावर उघडायचा कधीच प्रयत्न करू नका.

शेवटी टाक्यांखालची कडी ओढून पाणी काढा. थोडं पाणी ठीक. रोज कपभर निघत असेल तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. पाण्याबरोबर ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय.

उतारावर जाणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. अमरावती रोडवर कोंढाळीच्या पुढे किंवा सिवनीकडे जाताना घाट लागतो, त्याआधी स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधलं अंतर जुळवणारा भाग) बघितलेला असावा. आपोआप जुळणारा ॲडजस्टर असेल तर तो हाताने कसत बसू नका. पुन्हापुन्हा कसावा लागतो याचा अर्थ तो किंवा ब्रेकचा दुसरा भाग बिघडलाय.

१०. पिकअपला एअर ब्रेक नाही. मग?

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (पेडलला जोर देणारा भाग) ठीक. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याचा पाइप बघा. मग पेडल तीस सेकंद जोरात दाबून ठेवा. हळूहळू खाली जात असेल तर ऑइल कुठेतरी निसटतंय (प्र. ४). पेडल स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. ब्रेक ऑइल डब्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये असावं. ते कमी झालं म्हणून नुसतं वरून ओतत राहू नका. एकतर गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत.

११. स्टिअरिंगचा खेळ किती चालतो?

नियमाची हद्द ३० अंश आहे. ४५ सेमीच्या स्टिअरिंगवर कडेला मोजलं तर ते जवळपास १२ सेमी होतात. चाकं सरळ ठेवून, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग किती फिरतं ते बघा. पण १२ सेमीची वाट बघू नका. मागच्या महिन्यात चार होता आणि आज सात झालाय, हे जास्त महत्त्वाचं. तो वाढला की टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि किंगपिन (चाकं वळवणारे सांधे) तपासायला द्या.

१२. एकटा असताना मागचे दिवे आणि ब्रेक लाइट कसे तपासू?

पहाटे गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, लाल उजेड भिंतीवर दिसतो. ब्रेकसाठी सीट आणि पेडल यांच्यात बसेल अशी काठी कापून ठेवा. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. अचानक भराभर लुकलुकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय.

रेडियमच्या पट्ट्या रोज फडक्याने पुसा : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. राख आणि कोळसा वाहणाऱ्या गाड्यांच्या पट्ट्या दोन दिवसांत दिसेनाशा होतात. ताडपत्रीचं टोक मागच्या दिव्यावर लोंबत नाही ना, हेही बघा. आणि दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी काढा. सुकून रेडिएटरच्या जाळीत जातो आणि तोवर नंबर प्लेटही झाकतो.

१३. ऑइल आणि कूलंट बघायची बरोबर पद्धत कोणती?

ऑइल : गाडी सपाट जागी, इंजिन बंद होऊन किमान दहा मिनिटं झालेली. पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट. ऑइल चहाच्या दुधाळ रंगाचं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, इंजिन सुरू करू नका.

कूलंट : बाहेरच्या डब्यात बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. आत पाणी १०० अंशांच्या वर असतं आणि झाकण सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. बोअरवेलचं पाणी भरत राहिलात तर नळ्यांत क्षार बसतो आणि नेमकी मे महिन्यात गाडी तापते. एप्रिलमध्येच रेडिएटरची जाळी आतल्या बाजूने हवा मारून साफ करून घ्या.

बॅटरी : उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, दर आठवड्याला बघा. डिस्टिल्ड वॉटरच भरा, प्लेटच्या वर साधारण एक सेंटिमीटर.

१४. बीएस-६ गाडीत वेगळं काय बघायचं?

बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डीईएफ द्रवाची, वेगळी टाकी आहे. तिची पातळी रोज बघा. संपली की गाडीची ताकद कापली जाते. त्यात पाणी किंवा शेतातल्या युरियाचं घरगुती मिश्रण घातलं तर पूर्ण यंत्रणा खराब होते आणि खर्च मोठा येतो. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर ते सुकलेलं डीईएफ आहे, ओल्या फडक्याने पुसा. कॅन उन्हात ठेवू नका, उष्णतेने ते लवकर खराब होतं.

धुराच्या फिल्टरमधली काजळी जळण्याची क्रिया चालू असताना सायलेन्सर खूप तापतो. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नका.

१५. टिपर, बल्कर, स्टाफ बस यांना वेगळी यादी लागते का?

मूळ यादी तीच, वर थोडी भर.

टिपर : फाळक्याचं कुलूप, जॅकची गळती, मागच्या बिजागऱ्या. उचललेल्या डाल्याखाली (मालाच्या पेटीखाली) शिरायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर एक मिनिटही नाही. डाला खाली आला आणि पीटीओ (इंजिनचा जोर जॅकला देणारा गिअर) सुटला हे बघूनच गाडी हलवा. उचललेल्या डाल्याने विजेच्या तारा ओढल्या जातात.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून राख नेणारे बल्कर (बंद टाकीच्या गाड्या) : सेफ्टी वॉल्व्ह मोकळा आहे का, प्रेशर गेज शून्यावर येतं का, झाकणांचे रबर आणि हुक. टाकीत दाब असताना वरचं झाकण उघडलं तर माणूस उडून खाली पडतो. एअर फिल्टरचा दर्शक लाल झालाय का हे रोज, कारण राखेत तो लवकर भरतो.

स्टाफ बस : आपत्कालीन दार आतून एका हाताने उघडतं का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का. दारासमोर डबे आणि सामान नको.

१६. माल भरल्यानंतर पुन्हा तपासायचं का?

हो, आणि इथेच सगळे घाई करतात. रिकाम्या गाडीत जे ठीक दिसतं ते भाराखाली बदलतं : पाट्याची चीर उघडते, यू-बोल्ट (पाटे एक्सलला धरणारा) ढिला दिसतो, टायर मडगार्डला लागतो. सळई, पाइप, अँगल बॉडीच्या मागे बाहेर काढून नेणं नियमाने बंद आहे, लाल फडकं बांधलं तरी. दोर आणि पट्टे पहिल्या २५-३० किमीनंतर थांबून पुन्हा आवळा, कारण माल बसतो. संत्र्याच्या पेट्या आणि कापसाच्या गाठी तर हमखास.

वजनकाट्यावर वजन करून निघा. जास्त भारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

१७. कागदपत्रं तपासणीत येतात का?

येतात. आरसी, विमा, परमिट, पीयूसी, फिटनेस आणि ड्रायव्हरचं लायसन्स. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद चालतात, पण फोन चार्ज हवा. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला दोन वर्षांचा, पुढे दरवर्षी. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांची पीयूसी बारा महिन्यांची, जुन्यांची सहा. एमएच-३१, ४० आणि ४९ अशा नागपूरच्या तिन्ही नोंदणीच्या गाड्या एकाच मालकाकडे असतील तर मुदतींचा एक तक्ता भिंतीवर लावून ठेवा. पासिंग (फिटनेस तपासणी) झालं म्हणजे गाडी वर्षभर ठीक, हा समज मात्र सोडा. फिटनेस त्या दिवसापुरता असतो.

१८. दोष सापडला, पण माल आजच पोचवायचा आहे. कुठला दोष चालतो?

कुठलाही माल असो, यांपैकी काहीही असेल तर गाडी हलत नाही : ब्रेकमधली गळती किंवा न वाजणारा बझर, स्टिअरिंगचा वाढलेला खेळ, तार दिसणारा, फुगलेला किंवा हवा कमी असलेला टायर, ढिला नट, तुटलेला स्टड किंवा पाटा, डिझेलची गळती, रात्रीच्या प्रवासाला न लागणारा मागचा दिवा, तुटलेला सीट बेल्ट, पावसात न चालणारा वायपर.

ठिकाणावर पोचून दुरुस्त करण्यासारखे : ऑइलची हलकी ओल, एसी, केबिनमधला दिवा, दाराची कडी (दार नीट बंद होत असेल तर), एखाद्या पट्टीचं उडालेलं रेडियम.

मधल्या गोष्टी अडचणीच्या. एबीएसचा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ शकतं. कोरड्या दिवशी, कमी वेगाने वर्कशॉपपर्यंत जा, लांबच्या फेरीला नको. आरशाची काच तडकली पण दिसतं आहे, तर संध्याकाळपर्यंत. दिसत नसेल तर नाही.

१९. आम्ही रोज फॉर्म भरतो, तरी दोष राहतातच. का?

कारण टिक मारणं सोपं आहे. चहा घेताघेता तीस टिका एका मिनिटात होतात. फॉर्ममधले काही रकाने असे करा की गाडीजवळ गेल्याशिवाय भरताच येणार नाहीत : प्रत्येक टायरची हवा आकड्यात, ऑइलची पातळी ‘पाऊण’ किंवा ‘अर्धी’ अशी, मिनिटात काटा किती उतरला, किमी. आकडे रोज सारखे येत असतील तर कोणीतरी बसून भरतंय.

दुसरं कारण जास्त खरं. ड्रायव्हरने तीनदा लिहिलं आणि तीनदा काही झालं नाही, तर चौथ्यांदा तो लिहीत नाही. प्रत्येक नोंदीसमोर काय केलं आणि कोणी केलं हे लिहून त्याला दाखवा.

२०. समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर वेगळी तयारी?

हा मार्ग जिथून सुरू होतो त्या नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून गाडी वळण आणि थांब्याशिवाय तासन्‌तास एकाच वेगात चालते, त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. प्र. ५ आणि ६ मधली हद्द तिथे जास्त कडक धरा, जुना किंवा रिमोल्ड टायर असेल तर बदलून जा. डिझेल, डीईएफ, पाणी भरून घ्या. त्रिकोणी फलक वरच, हाताशी ठेवा. गाडी बंद पडली तर तो किमान १०० मीटर मागे ठेवायचा आणि माणसांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. आणि झोप : कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची हद्द आहे. रात्रभर माल उतरवलेला ड्रायव्हर सकाळी स्टिअरिंगवर बसत असेल तर तोही तपासणीत नापास.

२१. गाडी पंधरा-वीस दिवस उभी होती. रोजचीच यादी पुरते का?

नाही. जादा बघा : बॅटरी, उंदरांची घरटी (एअर फिल्टरच्या डब्यातही), डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी, गंजून चिकटलेले ब्रेक ड्रम, एका जागी चपटा झालेला टायर. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर चाकांच्या हबपर्यंत पाणी आलं का ते विचारा. आलं असेल तर हबचं ग्रीस आणि हौसिंगचं ऑइल तपासल्याशिवाय काढू नका. इंजिनपर्यंत आलं असेल तर सेल्फ मारूच नका.

२२. गाडी कालच वर्कशॉपमधून आली. आज तपासणी सोडली तर चालेल?

उलट आज जास्त नीट करा. हात लागलेल्या जागीच चुका राहतात : ऑइलचं झाकण, ड्रेन प्लग, न कसलेला नट (प्र. ८), नीट न बसलेला पाइप, उलटी लागलेली बॅटरीची क्लिप, बॉनेटमध्ये विसरलेलं फडकं किंवा पाना. ज्या भागाचं काम झालं तो भाग बिलावर बघून आधी तपासा.

२३. मेकॅनिक म्हणतो चालते, ड्रायव्हर म्हणतो चालत नाही. कोणाचं ऐकायचं?

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तिन्हीबाबत ड्रायव्हरचं, निदान दोघांसमोर चाचणी होईपर्यंत. प्र. ९ किंवा ११ मधली मोजणी दोघांनी मिळून करा, आकडा लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आकडा हद्दीत आला आणि तरी ड्रायव्हरला गाडी ओढते असं वाटत असेल तर आवारात रिकाम्या गाडीची चाचणी घ्या, मेकॅनिकला शेजारी बसवून. या वादात गाडी तासभर उशिरा निघाली म्हणून ड्रायव्हरचा भत्ता कापू नका. एकदा कापलात की पुढचा वाद तुमच्यापर्यंत येणारच नाही, गाडी तशीच गेटबाहेर पडेल.